पंचामृतात गेलेलं विरजण

तीर्थ घेऊन सगळ्यांनी ओला हात डोक्यावरून फिरवला, तेव्हा वरवट बकाल गावच्या मानकर कुटुंबाचं एक्क्याण्णव वर्षांचं विरजण सात माणसांच्या पोटात उतरलं होतं, आणि ही गोष्ट अजून कुणालाच माहीत नव्हती.

चारुलताला मात्र जिभेवर काहीतरी ओळखीचं लागलं. मध, साखर, तूप, दूध यांच्या गर्दीतून एक दाट, आंबूस चव वर आली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. वैजनाथराव गणपतीसमोर ओंजळ पुढं करून आणखी एक पळी मागत होते. आयुष्यभर सातवीला विज्ञान शिकवलेल्या माणसाला जिवाणू डोळ्यांनी ओळखता येत होते, जिभेनं नाही.

"अक्का, आज पंचामृत लय ब्येस झालं," थोरले बंधू उकंडराव म्हणाले.

"झालंच पाह्यजे. देवाचं काम मी हात राखून करत नसते," असं म्हणून सोजराबाईंनी पळी घंघाळात टाकली. सोजराबाई या दोघा भावांच्या वरच्या. दर भाद्रपदात चार दिवस आधी मेहकरहून माहेरी यायच्या. एक पिशवी कपड्यांची आणि एक पिशवी शिस्तीची घेऊन. आल्या की देवघर त्यांच्या ताब्यात आणि स्वयंपाकघर थोरल्या भावजयीच्या, म्हणजे पुष्पाबाईंच्या. या सीमेवर गेली चाळीस वर्षं शांतता होती. आज सकाळी सोजराबाई दही शोधत सीमा ओलांडून गेल्या होत्या, एवढंच.

संध्याकाळी पाचच्या आत महालक्ष्म्या बसवायच्या होत्या. उद्या जेवायला बेचाळीस माणसं. त्यांच्या कढीसाठी आणि आंबिलीसाठी आज दुपारी दहा लिटर दूध तापवून विरजायचं, म्हणून पुष्पाबाई गुडघ्यावर हात टेकत जाळीच्या कपाटाशी गेल्या.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. चिनीमातीची बारकी बरणी दोन्ही हातांत धरून त्या बैठकीत आल्या आणि बरणी उलटी करून दाखवली. आतून ती आरशासारखी चकचकीत होती.

"अक्का, याच्यात काय होतं?"

"दही होतं नं व. पंचामृतात टाकलं. बरणी घासून बी ठेवली," सोजराबाई म्हणाल्या, आणि शाबासकीची वाट पाहू लागल्या.

"सगळं?"

"मंग काय देवाले उष्टं ठेवतं का कोणी?"

पुष्पाबाई मटकन खाली बसल्या. "अक्का, ते इरजण होतं."

बैठकीत इतकी शांतता पसरली, की गोठ्यातल्या म्हशीनं शेपटी मारलेली ऐकू आली. गणपतीपुढचा माणूस न माणूस मनातल्या मनात आपण किती पळ्या प्यालो ते मोजू लागला. वैजनाथराव तीन पळ्या प्याले होते. त्यांनी नकळत पोटावर हात ठेवला.

मानकरांकडं विरजण म्हणजे काय, हे बाहेरच्याला पटवणं अवघड. उकंडरावांची आई लग्न होऊन मेहकरहून इथं आली ती मांडीवर दह्याचं भांडकं घेऊनच. तेव्हापासून आजचं दही उद्याच्या दुधात, उद्याचं परवाच्या, असं ते अखंड चालत आलेलं. फ्रिज आला तरी विरजण फ्रिजमध्ये गेलं नाही. त्याला सर्दी होते असं पुष्पाबाईंचं मत. गल्लीत रोज ताक वाटायचे, पण मीठ टाकून. कुणी त्या ताकाचं दही लावू नये म्हणून. आणि जाताना म्हातारीनं सांगून ठेवलं होतं, जिच्याकडं माह्यं इरजण, तिच्याकडं महालक्ष्म्या. मरताना तिनं शेतीबद्दल एक अक्षर काढलं नाही. शेतीची वाटणी तलाठ्यानं केली; इरजणाची तिनं केली.

"ताक असन ना पण!" गणेश, म्हणजे उकंडरावांचा मुलगा, पहिल्यांदा भानावर आला. "ताकानं बी दही लागते."

सगळ्यांनी त्याच्या बायकोकडं पाहिलं. डिंपलनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "ताक सकाळीच वाटलं. भांडं घासलं म्या."

"तू बी घासलं?" उकंडराव म्हणाले. "आज काय घासायचा सण हाये का?"

"मामंजी, रोज नाई घासलं तं सासूबाई बोलते. आज घासलं तं तुमी."

गणेश चप्पल न घालता पळाला. मीठ घातलेलं का होईना, शेजारचीला अर्धा तांब्या ताक गेलं होतं. पाच मिनिटांत परत आला तो पडलेला चेहरा घेऊनच.

"त्यायनं कढी टाकली."

"उकळी आली का?" वैजनाथरावांनी विचारलं. पेपर तपासताना यायची तसली धार त्यांच्या आवाजाला आली होती.

"दोन आल्या म्हणे."

"मग संपलं. उकळीत एकही जिवाणू वाचत नाही." त्यांनी क्षणभर मान खाली घातली. हयात असलेले आणि कढीत गेलेले, दोन्ही जिवाणूंबद्दल त्यांना सारखाच आदर होता.

पुष्पाबाई उठल्या. आतल्या खोलीत महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांची पेटी धुऊन-पुसून ठेवली होती. त्यांनी तिला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि पेटीला टेकून बसल्या.

"माह्या हातून मायचं इरजण गेलं. आता महालक्ष्म्या बसत नाई. यंदा नाई, पुढच्या साली नाई."

"अव, म्हणजे पंगत?" उकंडराव.

"पंगतीले वरण-भात घाला."

"तुमच्या हातून काऊन?" सोजराबाईंचा आवाज चढला. "माह्या हातून गेलं म्हणा ना सरळ! आन गेलं तं कुठी गेलं? देवाच्या पोटात गेलं. चोराच्या पोटात तं नाई गेलं!"

हे वाक्य कुणाला उद्देशून नव्हतं. पण चारुलताच्या मानेवर घाम आला.

कारण चोर, म्हणायचं तर, तीच होती.

"थांबा. घाबरायचं कारण नाही," म्हणत वैजनाथरावांनी गाडीतून आपली कापडी पिशवी आणली. तिच्यात थर्मामीटर होतं, वही होती आणि चांदीच्या कागदाची चार पाकिटं होती. निवृत्तीनंतर त्यांनी दही हा विषय हाती घेतला होता. इतर लोक अध्यात्म घेतात तसा. "वहिनी, हे बघा. मोबाइलवरून मागवलं. एक लिटरला एक पुडी. शुद्ध जिवाणू, सुकवलेले. झोपलेले असतात. कोमट दुधात टाकले की जागे होतात."

पुष्पाबाईंनी पाकीट हातात घेऊन फिरवून पाहिलं. "कोणाच्या घरचे हायेत हे?"

"घरचे नाहीत. प्रयोगशाळेतले."

"म्हंजे ना माय ना बाप." त्यांनी पाकीट परत दिलं. "अनाथाले जेवू घालावं भाऊजी, पण त्याले महालक्ष्मीच्या कढीत घालू नाई."

"बरं, मग आमचं दही घ्या!" वैजनाथराव उत्साहानं म्हणाले. "डबाभर आहे गाडीत. माझ्या पित्तामुळं मी दुसरं खात नाही, हे तुम्हाला माहितीये. सत्तावीस वर्षांचं सलग विरजण आहे. मी स्वतः सुरू केलेलं, मिरचीच्या देठांपासून!"

मिरचीच्या देठांची गोष्ट या घरात सगळ्यांना तोंडपाठ होती, आणि तरीही वैजनाथरावांनी ती सांगितलीच. खामगावला नोकरी लागली तेव्हा वहिनींनी विरजण दिलं नाही. इरजण घराबाहेर जात नाई, म्हणाल्या. मग त्यांनी ठरवलं, विज्ञानानं करायचं. पहिल्या दिवशी दूध नासलं. दुसऱ्या दिवशी नासलं. तिसऱ्या दिवशी नासलं. चौथ्या दिवशी सात ताजे देठ घातले, वर झाकण ठेवलं, आणि सकाळी पाहतात तो सुरीनं कापावं असं दही! शाळेनं तो प्रयोग तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात पाठवला. पहिलं बक्षीस. पुढं पंचवीस वर्षं प्रत्येक सातवीला हा प्रयोग गृहपाठ म्हणून मिळाला. मुलांच्या घरी दही कधी लागायचं, कधी नाही. लागलं तरी असं कधीच नाही. त्यावर सर म्हणायचे, तुमचे देठ ताजे नव्हते. पोरं त्यांना मागून देठसर म्हणत. सरांना ते ठाऊक होतं, आणि आवडत होतं.

"देठाचं?" पुष्पाबाई म्हणाल्या. "महालक्ष्मीले तिखटाच्या देठाचं दही? आन तुमच्या घरच्या दह्याले काई चव तरी हाये का? मागच्या दिवाळीत खाल्लं म्या खामगावले. निरा पाणी, नुसतं पातळ. त्याच्या मागल्या साली खाल्लं ते निरा आंबट. माफ करजो चारू, पण खरं ते बोललं पाह्यजे."

"बोला ना बाई," चारुलता म्हणाली.

हेही सत्तावीस वर्षं सलग चाललेलं होतं.

चारुलता न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारून आली. आरशात पाहिलं. एकावन्न वर्षांची, शाळेच्या कार्यालयात हेडक्लार्क, घराच्या दोन किल्ल्या आणि चष्म्याची एक दोरी गळ्यात. चोर दिसत नव्हती. पण चोर दिसत नाहीत म्हणूनच तर चोऱ्या होतात.

तेव्हा ती चोवीसची होती. एसटीची वेळ झाली होती आणि पुष्पाबाई पाठमोऱ्या बसून वाटेसाठी भाकरी बांधत होत्या. दह्याचं भांडं उघडं होतं. चारुलतानं कोऱ्या मलमलीचा रुमाल चारपदरी करून दह्यात बुडवला, अलगद उचलला आणि डब्याच्या झाकणात ठेवला. तिच्या आईकडं लांबच्या वाटेला असंच विरजण न्यायचे. दह्यात भिजवलेलं फडकं सावलीत वाळवायचं, आणि मुक्कामाला पोचलं की दुधात पिळायचं. शेगाव मागं पडेपर्यंत तो रुमाल तिनं मांडीवर पसरून पदराच्या सावलीत वाळवला. कंडक्टरनं दोनदा नाक मुरडलं. शेजारी बसलेल्या नवऱ्यानं विचारलं, बाळ आहे का कुणाचं गाडीत?

आणि तो चौथा दिवस. वैजनाथरावांनी सात देठ मोजून दुधात सोडले आणि ते शाळेत जादा तासाला गेले. ती भांड्याशी बसून राहिली. शाळेतला त्यांचा दुसराच महिना होता. हेडमास्तर त्यांना अजून नावानं ओळखत नव्हते, "ते नवीन" म्हणत. तीन दिवस नासलेलं दूध मोरीत ओतताना त्यांचा चेहरा तिनं पाहिला होता. तिनं रुमाल आणला, भांड्यात बुडवला, पिळला, आणि देठ पुन्हा जिथल्या तिथं सारखे करून ठेवले. सकाळी ते लहान मुलासारखे नाचले. मग सांगायचं राहून गेलं. आधी एक दिवस राहिलं, मग प्रदर्शन झालं, मग बक्षीस आलं, आणि बक्षिसाच्या फ्रेमखाली काय बोलणार?

ती बैठकीत परत आली तेव्हा उकंडराव बायकोची समजूत काढत होते. त्यांची समजूत काढण्याची पद्धत म्हणजे समोर बसून सुपारी कातरणं. घड्याळात दोन वाजून गेले होते. दुधाच्या दोन्ही चरव्या येऊन पडल्या होत्या. आणि पुष्पाबाई पेटीला टेकून, डोळे मिटून, पुटपुटत होत्या, "माय, काय तोंड दाखवू तुले?"

आजवर त्यांनी चारुलताला पुष्कळ लागट बोलून घेतलं होतं. पण असा आवाज तिनं त्यांचा कधी ऐकला नव्हता. एका पारड्यात हा आवाज होता, दुसऱ्यात भिंतीवरची फ्रेम. वैजनाथराव कोपऱ्यात बसून वहीत चौथ्यांदा काहीतरी आकडेमोड करत होते.

"बाई," चारुलता म्हणाली. "आमचं दही घ्या."

"सांगतलं ना तुले, देठाचं..."

"देठाचं नाही ते. तुमचंच आहे. मी चोरलं होतं."

आणि तिनं सांगितलं. रुमाल सांगितला, एसटी सांगितली, चौथा दिवस सांगितला. नवऱ्याकडं न पाहता सांगितलं. शेवटी म्हणाली, "मीच. दुसरं कुणी नाही."

सुपारी कातरणं थांबलं होतं. पहिल्यांदा उकंडराव हसले. आधी खांदे हलले, मग पोट, मग अडकित्ता हातातून पडला. "अव पुष्पे! सत्तावीस वर्षं... सत्तावीस वर्षं तू आपल्याच दह्याले नावं ठेवून राह्यली! निरा पाणी म्हणे!"

"निरा आंबट बी म्हणे," सोजराबाईंनी तत्परतेनं भर घातली. सकाळपासून त्या एकट्याच आरोपी होत्या. सोबत मिळाल्यानं त्यांचा चेहरा खुलला होता. "काय व चारू, मले वाटे तू गरीब गाय. तू तं..."

"अक्का, तुमी तीर्थ वाटा," पुष्पाबाई म्हणाल्या. "डिंपल, गाडीतला डबा आण."

डबा आला. पुष्पाबाईंनी झाकण काढलं, करंगळीनं पापुद्रा उचलला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. सहा माणसं त्यांच्या तोंडाकडं पाहत होती. असा शुकशुकाट मानकरांकडं फक्त मतमोजणीच्या दिवशी व्हायचा. एकदा गिळून झाल्यावर त्यांनी पुन्हा करंगळी बुडवली.

"हाये," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज कोरडा होता. "इरजण माह्यंच हाये."

"मग?" चारुलता.

"मंग काय? हात तुहा खराब हाये."

त्यांनी कमरेची किल्ली काढून डिंपलकडं फेकली. "दूध ठेव गॅसवर. मोठं पातेलं घे. गणेश, मखर झालं का बांधून? का मीच चढू आता स्टुलावर?"

घर एकदम हललं. पण उकंडराव हलले नाहीत. त्यांना नियम आठवला होता, आणि नियम आठवला की तो बोलून दाखवायची त्यांना जुनी खोड.

"थांब. मायनं काय म्हणलं होतं? जिच्याकडं इरजण तिच्याकडं महालक्ष्म्या. आज सकाळपासून इरजण कोणाकडं हाये? खामगावले. म्हंजे..."

पुन्हा सगळे चारुलताकडं पाहू लागले. तिच्या डोळ्यांपुढून दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट सरकला. दोन जिने, दोन शेगड्यांचा गॅस, सोळा भाज्या, बेचाळीस माणसं. तिच्याच गुडघ्यांनी मागच्या वर्षी कुरकुर सुरू केली होती.

"काई बी बोलता," पुष्पाबाई म्हणाल्या. "चोरीच्या मालामागं देव जात नसते."

प्रश्न सुटला. चारुलतानं सुटकेचा श्वास घेतला, आणि तो घेता घेता तिला आत कुठंतरी बारीकशी सल टोचली. नको होतं ते गेलं होतं. मग टोचतंय काय? तिनं ते कामात दडपून टाकलं, कारण तिच्यापुढं त्याहून मोठं काम होतं. वैजनाथराव बैठकीत नव्हते.

ते गोठ्यात सापडले. म्हशीसमोर उलटी बादली टाकून बसले होते. म्हैसही त्यांच्याकडं पाहत होती, दोघांनाही घाई नव्हती.

"म्हणजे देठ..." ते म्हणाले.

"देठ होते ना. सात होते."

"पण काम रुमालानं केलं."

"हो."

"तालुक्यात पहिलं बक्षीस, चारू."

म्हशीनं नाकातून आवाज काढला.

"मी पंचवीस वर्षं पोरांना घसा फोडून सांगितलं," ते म्हणाले. "प्रयोग करताना शेजारी दुसरं भांडं ठेवा. देठ न घातलेलं. म्हणजे फरक कशानं पडला ते कळतं. आणि मी स्वतः एकच भांडं ठेवलं. का, माहितीये? घरात दूध एकाच भांड्यापुरतं होतं."

"मला माहितीये. मीच आणायची."

"सांगायचं होतंस."

"तुम्ही नाचत होता. नाचणाऱ्या माणसाला काय सांगायचं? आणि त्या दिवसापासून हेडमास्तर तुम्हाला मानकर सर म्हणायला लागले. आधी 'ते नवीन' होता तुम्ही."

वैजनाथरावांनी म्हशीपुढची वैरण सारखी केली. मग म्हणाले, "त्या पोरांच्या घरी लागत नव्हतं, तेव्हा मी त्यांच्या मिरच्यांना दोष दिला. किती पोरं असतील? दीड हजार?" आणि अचानक त्यांना हसू फुटलं, तोंड दाबून, खांदे हलवत, अगदी थोरल्या भावासारखं. "एक पोरगा तर झाडच घेऊन आला होता वर्गात. म्हणाला, सर, याच्याहून ताजे देठ कुठून आणू?"

"फ्रेम काढायची का भिंतीवरची?"

"कशाला? बक्षीस प्रयोगाला नव्हतंच. दह्याला होतं." ते उठले, पँट झटकली. "रुमाल कुठाय?"

"विरला. मग भांडी पुसायला घेतला."

"जपून ठेवायला हवा होता," वैजनाथराव अत्यंत गंभीरपणे म्हणाले. "पुरावा होता तो."

साडेचारला महालक्ष्म्या दारातून आत आल्या. पावलांवरून, ताट-चमच्याच्या गजरात, मुखवटे हसरे आणि सोजराबाई सर्वांत पुढं. त्यानंतर पुष्पाबाई दुधाशी बसल्या. पातेलं गॅसवरून उतरून दीड तास झाला होता. त्यांनी करंगळी दुधात बुडवली आणि थांबल्या.

"वहिनी, एक मिनिट," म्हणत वैजनाथरावांनी थर्मामीटर सोडलं. "त्रेचाळीस."

"अजून एक घडी थांबा," करंगळी म्हणाली.

थांबले. पुन्हा बोट, पुन्हा थर्मामीटर. "बेचाळीस!"

"आता," पुष्पाबाई म्हणाल्या, आणि डब्यातलं दही त्यांनी वाटीभर दुधात विरघळवून पातेल्यात सोडलं. एकाच दिशेनं, तीनदा ढवळून. वैजनाथरावांनी वहीत लिहून घेतलं. बोटानं थर्मामीटरला हरवलं असं त्यांनी लिहिलं नाही. दोन्ही निरीक्षणं जुळली असं लिहिलं. शिक्षकाची वही ती.

सकाळी पातेलं उघडलं तेव्हा वरून काडी उभी राहावी असं दही लागलेलं होतं. पुष्पाबाईंनी ते सगळ्यांना बोलावून दाखवलं. मग आपला उजवा हात चारुलतासमोर उलटा-सुलटा करून धरला. हात हा असा असतो, एवढं सांगण्यापुरता. बेचाळीस माणसांनी कढी ओरपली आणि आंबिलीला तिसऱ्यांदा वाढा म्हणून पुकारा केला. सोजराबाईंनी पंगतीतल्या प्रत्येकाला सांगितलं की देवानंच विरजण मागून घेतलं आणि देवानंच परत केलं. रुमालाचा भाग त्यांनी वगळला. नणंद असली तरी माहेरची अब्रू होती.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठल्या, मुखवटे पेटीत गेले. वैजनाथरावांनी गाडी अंगणात वळवली. चारुलतानं सगळ्यांना नमस्कार केला. पुष्पाबाईंच्या पाया पडताना त्या म्हणाल्या, "थांब."

आतून त्या ती चिनीमातीची बारकी बरणी घेऊन आल्या. तोंडाला फडकं बांधलेलं होतं. अंगणात सगळे होते. उकंडराव, सोजराबाई, गणेश, डिंपल, आणि कुंपणापलीकडं कढीवाली शेजारीण.

"घे," पुष्पाबाई म्हणाल्या, मुद्दाम शेजारणीपर्यंत जाईल अशा आवाजात. "हे दिलेलं हाये. चोरेल नाई. सगळ्याइच्या समोर देऊन राह्यली मी. मले बी ठेवलं थोडं."

चारुलतानं दोन्ही हात पुढं केले. बरणी जड नव्हती, तरी तिचे हात थोडे खाली गेले.

"बाई, माझा हात खराब आहे म्हणता ना?"

"हाये. शिकशीन. साल पडलं हाये अजून पूर्ण."

एवढंच म्हणून पुष्पाबाई गुडघे धरत घरात गेल्या. त्यांचं चालणं चारुलतानं पहिल्यांदाच नीट पाहिलं. डावा पाय टेकताना त्या भिंतीचा आधार घेत होत्या. उकंडरावांनी सुपारी तोंडात टाकली आणि आकाशाकडं पाहिलं, जणू या प्रकरणाशी त्यांचा काही संबंध नव्हता.

गाडी गाव सोडून डांबरीवर लागली. कपाशीची हिरवी वावरं मागं पळत होती. पाच-सात मैल झाले. मग वैजनाथराव, गणित सोडवताना बोलत तसे, स्वतःशीच म्हणाले, "वहिनींनी दिलं. म्हणजे ते आता चोरीचं नाही."

"नाही."

"आणि चोरीचं नाही, तर मायचा नियम त्याला लागू."

"लागू."

"मग पुढच्या भाद्रपदात..." त्यांनी मान वळवून बायकोकडं पाहिलं. "चारू! बेचाळीस माणसं! दुसरा मजला!"

चारुलतानं मनाशी हिशेब सुरू केला होता. मखर हॉलमध्ये बसेल, सोफा शेजाऱ्यांकडं ठेवता येईल, पंगती गच्चीवर, आणखी एक शेगडी लागेल, आणि बाईंना चार दिवस आधीच आणावं लागेल, जिना चढायला त्यांना वेळ लागतो. परवापासूनची ती टोचणी कुठं गेली, तिच्या लक्षातही आलं नाही. समोर रस्त्यात खड्डा दिसला, तशी तिनं बरणी पोटाशी धरली.

"गाडी हळू चालवा," ती म्हणाली. "सांडेल."